दिनकरच्या वाटणीचा वास

मुग्धाचा फोन आला तेव्हा मी परतवाड्याला होतो. भावाच्या अंगणात, उन्हाकडे पाठ करून बसलो होतो. जानेवारीत मेळघाटाकडून येणारं वारं तिथे दुपारपर्यंत बोचतं. स्क्रीनवर दिनकरच्या लेकीचं नाव दिसलं आणि मला वाटलं, बापाने हिला कामाला लावलं असणार… 'विचार त्याले, कवा येतो म्हणून.' म्हणून फोन घेतल्या घेतल्या मीच म्हणालो, "सांग त्याला, सोमवारी येतो म्हणावं." मग मुग्धा म्हणाली, "काका… बाबा गेले. पहाटे, झोपेतच." मी "बरं" म्हणालो. का म्हणालो, कुणास ठाऊक. कुणी बाजारातून काही आणायला सांगावं आणि आपण मान डोलवावी, तसं "बरं" म्हणालो आणि फोन ठेवून तसाच उन्हात बसून राहिलो.

अकोल्याला जाताना अंजनगाव, अकोट हाच रस्ता लागतो. पुतण्या गाडी चालवत होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापसाची शेवटची वेचणी चालू होती आणि झाडांवर पांढरं थोडं, पऱ्हाटीच्या वाळक्या काड्याच जास्त दिसत होत्या. अकोटला तेल्हाऱ्याचा फाटा आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. दिनकरचं गाव त्या बाजूला. त्या फाट्यावर एस.टी.तून उतरून आम्ही दोघे कॉलेजच्या सुट्ट्यांत कितीदा पायी गेलो असू. घरी पोचलो तेव्हा माणसं जमली होती. सुमनवहिनी मला बघून एवढंच म्हणाल्या, "या हबीबभाऊ… तुमची वाट पाहून राह्यले होते ते." खांदा द्यायला मी पुढच्या बाजूला होतो. दिनकर तसा किरकोळ माणूस, पण त्या दिवशी मला तो पेलवत नव्हता.

दिनकर मातीचा माणूस होता. अकोल्यात त्याने उभी नोकरी मृदाशास्त्रात केली, वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीवर काम केलं, विद्यार्थी घडवले. त्याच्याविषयी इतर लोक लिहितील तेव्हा हेच लिहितील आणि ते खरंच आहे. पण त्याच्या घरात ज्यांचं येणं-जाणं होतं त्यांना त्याचा आणखी एक नाद माहीत होता. फ्रान्समध्ये बर्गंडी नावाचा प्रांत आहे. तिथल्या लाल वाईनचं जगभर नाव आहे आणि नावाजलेल्या बाटल्यांच्या किमती तुमच्या-माझ्या ऐपतीच्या पार बाहेर आहेत. दिनकरला त्या बाटल्यांचं काही नव्हतं. त्याच प्रांतातल्या, कुणाला माहीत नसलेल्या, आडगावच्या शेतकऱ्यांनी केलेली चांगली आणि परवडणारी वाईन शोधणं हा त्याचा नाद. अकोल्यात बसून! आणि हे सगळं सांगतो आहे तो मी… मी आयुष्यात दारूचा थेंब जिभेवर ठेवलेला नाही, आणि दिनकरने मला कधी "थोडी घे" म्हटलेलं नाही. तरीही त्याच्या प्रत्येक बाटलीत माझा वाटा होता. तो वाटा वासाचा.

आमची ओळख अमरावतीच्या कॉलेजातली. हॉस्टेलच्या एका खोलीत आम्हांला टाकलं होतं. माझे अब्बा परतवाड्याला जंगलमालाचा व्यापार करत. मध, मोहफूल, चारोळी, हिरडा. आमचं गोदाम घराला लागूनच होतं, त्यामुळे माझे कपडे, वह्या, अंथरूण, सगळ्याला त्या मालाचा वास यायचा. मला त्याची लाज वाटायची. पहिल्याच दिवशी मी पेटी उघडली तसा दिनकर त्याच्या खाटेवरून उठून आला, पेटीवर वाकला आणि म्हणाला, "काय बे, तुह्या पेटीत तं सगळं जंगल हाये!" मग एकेक वस्त्र उचलून विचारायला लागला, हा कशाचा वास, तो कशाचा. मी सांगत गेलो. मोहाचा वास ताजा असताना वेगळा, वाळल्यावर वेगळा, पावसाळ्यात गोदामात कोंदला की आणखी वेगळा. हे मला माहीत आहे हे मलाच त्या दिवशी कळलं, कारण तोवर कुणी विचारलंच नव्हतं. पुढे मी वनस्पतिशास्त्र घेतलं आणि अमरावतीलाच ते शिकवत राहिलो, त्याची सुरुवात मी त्या पेटीपाशी धरतो.

शिक्षण झाल्यावर दिनकरला फ्रान्सला जायची शिष्यवृत्ती मिळाली. दिजों नावाच्या शहरात काम होतं, पण शहरातली खोली परवडेना, म्हणून तो जवळच्या एका खेड्यात एका विधवा बाईकडे राहिला. मादाम ओदेत. थोडी द्राक्षबाग, दोन गाई, एक चिडखोर कुत्रं. दिनकर घरातून निघाला तेव्हा त्याला सुपारीचंही व्यसन नव्हतं. मादाम रोज दुपारी सूप, पाव आणि एक छोटा पेला वाईन पुढे ठेवायची. दिनकर तो पेला तसाच परत करायचा. एकदा तिने हातवारे करून त्याला बागेत नेलं, तिथली मूठभर माती त्याच्या हातात दिली, मग घरी आणून पेला त्याच्या नाकाशी धरला. "हबीब," तो परत आल्यावर मला सांगत होता, "मी माती शिकाले गेलतो. अन् तिनं मले माती प्याले देली."

त्या बाईची निम्मीअधिक द्राक्षं शहरातला व्यापारी घेऊन जायचा. ती इतरांच्या द्राक्षांत मिसळली जायची आणि बाटलीवर नाव यायचं व्यापाऱ्याचं. उरलेल्या द्राक्षांची ती स्वतः चार पिंपं वाईन करायची आणि तिच्यावर स्वतःचं नाव, गावाचं नाव लिहायची. दिनकरने तिला मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं की आमच्याकडेही असंच आहे. माझ्या बापाचा कापूस जिनिंगमध्ये जातो, दहा गावांच्या कापसाबरोबर एका गाठीत दाबला जातो, आणि तिथे आमच्या गावाचं नाव संपतं. मादाम म्हणे हातातलं काम थांबवून म्हणाली, "तुमच्याकडेही?" बस, एवढंच. पण त्या दिवसापासून ती त्याला आपल्या शेजारच्या छोट्या शेतकऱ्यांकडे घेऊन जायला लागली. तळघरं, ओल्या भिंती, पिंपं… आणि प्रत्येक जण आपल्या चार ओळी द्राक्षांविषयी असा बोलायचा, जशी काही दुनियेत तेवढीच जमीन आहे.

परत येताना त्याने बॅगेत दोन बाटल्या आणि पिशवीभर माती आणली. मी त्याच्यासोबत तेल्हाऱ्याकडे गेलो होतो, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्याचे वडील, आम्ही त्यांना बाबा म्हणायचो, खळ्यात बसले होते. दिनकर घाबरत घाबरत म्हणाला, "बाबा, ही वाईन हाये. दारूच म्हना. पन द्राक्षाची." मला वाटलं, आता बाटली विहिरीत जाते. बाबांनी बाटली हातात घेतली, उन्हात धरली. कागदावर काय लिहिलंय ते विचारलं. दिनकरने वाचून दाखवलं, हे गावाचं नाव, हे बाईचं नाव. बाबा कितीतरी वेळ त्या कागदावरून अंगठा फिरवत होते. "म्हंजे ही बाई कोन, तिचं गाव कोन्तं, हे आपल्याले इथं बसून मालूम होऊन राह्यलं?" ते म्हणाले. "आपला कापूस कोठी जाते ते आपल्यालेच मालूम नाई." बाटली त्यांनी प्यायली नाही. पण फेकलीही नाही. घरात नेऊन देवळीत ठेवली.

दिनकरच्या नादाचं मूळ मला तरी त्या खळ्यात दिसतं. पुढे त्याच्या हाती जे विद्यार्थी लागले त्यांतले काही परदेशी गेले, मग त्याची मुलगी मुग्धा जर्मनीला नोकरीला लागली, आणि जो कुणी येणार असेल त्याला दिनकरचा हुकूम सुटायचा. येताना दोन बाटल्या. पण कुठल्या, हे तो असं समजावायचा की ऐकणाऱ्याला फ्रान्सला जायच्या आधीच ते गाव दिसायला लागायचं. मुग्धा पहिल्यांदा गाडी घेऊन त्या प्रांतात जायला निघाली तेव्हा फोनवरचं त्याचं व्याख्यान मी शेजारी बसून ऐकलं होतं. "हे पाय बेटा. डोंगराच्या मधल्या पट्ट्यातली जमीन सोन्याची हाये, ते आपल्यासाठी नाई. तिथं गाडीच थांबवू नको. खाली दक्षिणेकडे जा, जिव्री, मारांज, तिकडं. नाई तं वर, थंड्या अंगाच्या गावाईकडे. आधी तिथं द्राक्षं धड पिकत नोयती, आता उन्हाळे वाढले तं तिथली वाईन सुदरली. अन् मोठा बोर्ड दिसला तं पुढं जाय. जिथं कुत्रं भुकते अन् बाई हात पुसत भायेर येते, तिथं थांब." मुग्धाने विचारलं असावं, कुठली बाटली मागू? तर म्हणाला, "सगळ्यात साधी माग. नुसतं प्रांताचं नाव असते ते. जो मानूस आपली साधी वाईन मन लावून करते, तो बाकीचं बी बरोबरच करते." आणि फोन ठेवता ठेवता, "गाजलेल्या सालाच्या मागं लागू नको. त्या साली सगळेच शाने होतात. कठीण सालात कोनं चांगली केली, ते पाय."

तीस-पस्तीस वर्षं अशी गेली. कुणाच्या टॉवेलात, कुणाच्या स्वेटरात गुंडाळून बाटल्या अकोल्याला पोचत होत्या. अकोल्याचा मे महिना ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, तिथे वाईन टिकवणं म्हणजे काय. पुस्तकात लिहिलेलं असतं, लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी. दिनकर म्हणायचा, "अकोल्याच्या खोलीत ठेवली तं चहाच होते थ्याचा." त्याने मागच्या खोलीत एक जुना फ्रिज ठेवला होता, त्याचं थंडीचं बटण स्वतः खटपट करून असं बसवलं होतं की तो ना धड थंड ना गरम. वहिनी वैतागायच्या, त्यात कोथिंबीर टिकत नाही म्हणून. एका उन्हाळ्यात लाईट गेली ती दोन दिवस आली नाही, आणि आतल्या बाटल्या शिजून गेल्या. त्यांतली एक उघडून त्याने माझ्यासमोर धरली. जांभळाचा रस चुलीवर विसरून राहावा तसा वास होता. मी तसं म्हणालो तर तो हसायला लागला, मग त्याने बाटलीवरचं नाव वाचलं. "त्या मानसानं वर्षभर मेहनत केली असंन बे," म्हणाला, "अन् म्या मारून टाकली."

मी वास कधीपासून घ्यायला लागलो, ते नेमकं आठवत नाही. पहिल्या बाटलीच्याच वेळी असेल. त्याने दोन पेल्यांत ओतली, एक स्वतःसमोर, एक माझ्यासमोर ठेवला, आणि म्हणाला, "पिऊ नको. फक्त सांग." पेटीवर वाकून विचारायचा तसंच. बर्गंडीची लाल वाईन दिसायला अगदी पातळ असते, डाळिंबाचा रस पाण्यात मिसळल्यासारखी. पण वास… मला त्या पहिल्या पेल्यात पावसाळ्यानंतर मेळघाटात उतरताना पायाखाली दबणारा पाचोळा आला. त्याच्या मागून करवंद, अर्धं पिकलेलं. आणि फार मागे, वारुळाजवळ अळंबीच्या छत्र्या उगवतात ना, तो ओला, अंधारा वास. मी बोलत होतो आणि तो एकेक घोट घेत माना डोलवत होता. पुस्तकांत तिकडचे लोक चेरी, रासबेरी असलं काही लिहितात. दिनकर म्हणायचा, "ते त्याईच्या गावचं. तू आपल्या गावचं सांग." मग मी टेंभरं सांगायचो, म्हणजे तेंदूची फळं, एरोण्या सांगायचो, म्हणजे आमची रानबोरं, ओला रोशा गवत, संत्र्याची वाळलेली साल, सागाचा ताजा भुसा. वहिनी पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजून भरीत करायच्या. या वाईनसोबत ठेचा-बिचा चालत नाही, भरीत मात्र चालतं, हा दिनकरचा शोध. भाकरी आणि भरीत माझं, भाकरी, भरीत आणि वाईन त्याची. बाटली आली की असे आमचे रविवार.

मग ती साथ आली. दुसऱ्या लाटेत दिनकरला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. सुटला, घरी आला. मला वाटलं, संपलं. काही दिवसांनी त्याचा फोन आला. "हबीब, मले वास येऊन नाई राह्यला." मी म्हणालो, येईल, सगळ्यांना येतोय हळूहळू. महिना गेला, सहा महिने गेले. इतरांना आला. त्याला नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं केलं, लवंग हुंग, निलगिरी हुंग. एकदा वहिनी शेजारी गेल्या होत्या आणि गॅसवरचं दूध उतू जाऊन जळून काळं झालं, घर धुराने भरलं, तेव्हा हा शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसला होता. वहिनींनी मला ते सांगितलं तेव्हा त्या रडत होत्या. दुधासाठी नाही.

मी भेटायला गेलो तर मागच्या खोलीतला फ्रिज बंद करून दार उघडं टाकलेलं. बाटल्या एका खोक्यात भरून ठेवलेल्या. "कोनाले देऊन टाक," म्हणाला. "मले आता पानी अन् हे सारखंच." मी विचारलं, गावच्या शेतावर गेला होतास का? त्याने नाही म्हणून मान हलवली. ज्या माणसाने जन्मभर मातीचं ढेकूळ हातात घेतलं की आधी नाकाशी नेलं, तो शेतात जाऊन काय करणार होता? बाहेर निघालो तेव्हा वहिनी दारापर्यंत आल्या. "जेवत नाईत, हबीबभाऊ. बोलत नाईत. मानूस हाये घरात, पन…" पुढचं त्यांनी पदरात दाबलं.

अमरावतीला परत येईपर्यंत मी ठरवलं होतं, पण रझियाला, माझ्या बायकोला, सांगायचा धीर होत नव्हता. मी दिनकरकडे वास घेतो हे तिला माहीत होतं. त्यावर ती कधी बोलली नव्हती, आणि तिच्या न बोलण्याचा अर्थ मी सोयीचा लावून घेतला होता. आता गोष्ट वेगळी होती. आता मी पांढऱ्या दाढीचा, मोहल्ल्यात चार लोक मान देतात असा, दर रविवारी गाडी पकडून अकोल्याला केवळ दारूचा वास घ्यायला जाणार होतो. मी तिला सरळ सांगितलं. ती मेथी निवडत होती. निवडतच राहिली. मग म्हणाली, "पीना तो नहीं है ना तुमको?" मी म्हटलं, नाही. "उनकी नाक गई है," ती म्हणाली, "तुम्हारी तो सलामत है. अल्लाह ने दी है तो दोस्त के काम आने दो. जाओ."

पहिल्या रविवारी दिनकरने पेल्याला हात लावला नाही. मी खोक्यातून एक बाटली काढून मुग्धाने शिकवलं तशी उघडली. बूच अर्धं आत गेलं. मी ओतली, नाकाशी धरली आणि बोलायला लागलो. तो खिडकीबाहेर बघत होता. मी म्हणालो, "तुझ्या बाबांचं खळं आहे यात. कडबा रचल्यावर खालची जमीन ओली राहते ना, तो वास." मी म्हणालो, "आणि एक आंबट-गोड येतंय, करवंद नाही, थांब…" खूप वेळ मला ते सापडेना. शेवटी म्हणालो, "टेंभर. पण उन्हात पडलेलं." तेव्हा तो वळला. "साल फुटलेलं का बिना फुटलेलं?" त्याने विचारलं. मी पुन्हा वास घेतला. "फुटलेलं." त्याने पेला उचलला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले. मग हळूच, "व्हय," म्हणाला. त्याला काय लागलं असेल… आंबट, थोडं तुरट, जिभेला जेवढं कळतं तेवढं. बाकीचं त्याने माझ्या बोलण्यातून घेतलं असणार.

त्यानंतर ते चालूच राहिलं. मी आठवडाभर आधी शहरात, बाजारात, रानात हुंगत फिरायचो, कारण रविवारी त्याला द्यायला शब्द कमी पडू नयेत. तो मला पकडायचा. "मागच्या वेळी तू ओला साग म्हनला, आज वाळला म्हनतो, काहून?" हळूहळू तो शेतावर जायला लागला, मला सोबत घेऊन. ढेकूळ तो फोडायचा आणि माझ्यापुढे धरायचा. जिव्रीची एक बाटली होती, कुणा बहीण-भावांची, ज्यांचा बाप सगळी द्राक्षं व्यापाऱ्याला घालायचा आणि ज्यांनी नुकतंच स्वतःच्या नावाने सुरू केलं होतं. त्या दिवशी मी बोलता बोलता थांबलो आणि दिनकरने एकदम माझा हात धरला. "आला," म्हणाला. "आला बे, हबीब. एकडाव आला." मी विचारलं, कशाचा? तो पेला नाकाशी धरून बसून राहिला, पुन्हा पुन्हा श्वास ओढत. डोळ्यांत पाणी होतं. "गेला," म्हणाला. त्याला खरंच आला होता, की रविवारमागून रविवार खपणाऱ्या दोस्तासाठी तो तसं म्हणाला, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही. आता विचारता येणार नाही. पण त्या दिवशी त्याने दोन भाकरी खाल्ल्या, हे मी पाहिलं.

या डिसेंबरात मुग्धा आली तेव्हा तिने एकच बाटली आणली. यंदा म्हणे तिने बापाला फोन न करता, स्वतःच्या मनाने गाव निवडलं. इरांसी नावाचं, उत्तरेकडचं, थंड. कुत्रं भुंकलं, बाई हात पुसत बाहेर आली. दिनकरने फोनवर मला हे तीनदा सांगितलं, इतका तो खूश होता. "पोरगी शिकली," म्हणाला. "ये लवकर. तू आल्याबिगर उघडत नाई." आणि मला सर्दी झाली होती! नाक पूर्ण चोंदलेलं. मी म्हणालो, आलो तरी काय उपयोग, आता माझंही नाक तुझ्यासारखं. तो खदाखदा हसला. "मंग राहू दे. आपल्या दोघाईत एक तं चालू पायजे नं! सर्दी उतरली का ये. वाईन कोठी पयून नाई चालली." हे आमचं शेवटचं बोलणं. संक्रांत झाली, सर्दी उतरली, मी भावाला भेटून सोमवारी अकोल्याला जाणार होतो.

मुग्धाने सुट्टी वाढवून घेतली होती. ती परत जायच्या आधी तिने मला बोलावलं. दुपारची वेळ. टेबलाशी आम्ही तिघेच, मुग्धा, वहिनी आणि मी. तिने बाटली उघडली, दोन पेल्यांत ओतली, एक माझ्यापुढे ठेवला आणि एक दिनकरच्या खुर्चीपुढे. मी पेला उचलला. नाक मोकळं होतं, वास स्वच्छ येत होता, पण डोळे त्या रिकाम्या खुर्चीकडे गेले. कुणाला सांगू? वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "सांगा नं, हबीबभाऊ. मले बी ऐकू द्या. एवढे वर्षं मी भाकरी थापत होती, मले कोठं ऐकू येत होतं." मग मी सांगितलं. एरोण्या. थंड सकाळी तुरीच्या शेतातून जाताना पायांना लागणारं ओलं गवत. गंजलेलं लोखंड, जसं मोटेच्या चाकाला असतं. मध्ये मुग्धाने पाणी दिलं, ते पिऊन मी पुन्हा सुरू केलं. शेवटपर्यंत सांगितलं.

वहिनींनी ऐकून घेतलं. मग हात लांब करून खुर्चीपुढचा पेला उचलला. मुग्धा काही म्हणणार तेवढ्यात त्यांनी एक घोट घेतला. आयुष्यात पहिला. तोंड वेडंवाकडं झालं. "आंबट हाये!" त्या म्हणाल्या. "अवो… मले वाटे, हा मानूस काई तरी गोड पिऊन राह्यला." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता पेला त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला. पुन्हा खाली ठेवला नाही, आम्ही उठेपर्यंत.

आता मार्च निघतोय. मागल्या आठवड्यात मी परतवाड्याला गेलो तर मोहाची फुलं पडायला लागली होती. परवा अमरावतीच्या बाजारात ओल्या हळदीच्या ढिगापाशी पाय आपोआप थांबले. मी वाकलो, वास घेतला, आणि वाक्य तयार झालं… दिनकर, यात आधी कच्च्या कैरीची साल आहे, मग माती आहे, पण आपली नाही, हलकी, मुरमाड. वाक्य पूर्ण झाल्यावर लक्षात आलं. भाजीवाला विचारत होता, किती देऊ? मी अर्धा किलो घेतली. घरी आल्यावर रझियाने पिशवीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. हळदीचं काही काम घरात नव्हतं. हात पुसून माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "अच्छा, बोलो. कैसी खुशबू थी?"